निळ्या दारासमोरची जागा

दारापुढचं अर्धंच झाडून झालं होतं. मी बादलीतलं पाणी शिंपडत पुढे सरकत होते आणि माझी मोठी जाऊ मस्तुरा वाकून मागून झाडत येत होती. रात्रभर तुती गळल्या होत्या, सगळा रस्ता चिकट झाला होता. एवढ्यात किमसान आकांच्या घराचा निळा दरवाजा उघडला आणि त्यांची बायको मावजुदा बाहेर आली. डोक्याचा रुमाल चापूनचोपून बांधलेला. दाराआड उभी राहूनच बांधला असावा. तिने मस्तुराच्या हातातला झाडू हळूच काढून घेतला, छातीशी धरला आणि म्हणाली, "पुरे, आपा. आम्ही पाहिलं. आता घरी जा, संध्याकाळी निवांत बोलू."

झाडूसकट ती आत गेली. दार लागलं.

मस्तुरा वाकली होती ती तशीच राहिली. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाली आणि माझ्याकडे वळली. "हफिजा, आपण काय करून बसलो गं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि हातातली बादली एकदम जड झाली.

आमच्या मोहल्ल्यात मुलीला मागणी घालायची जुनी रीत अशी, की मुलाची आई घरातली एखादी बाई सोबत घेऊन पहाटे मुलीच्या दारात जाते आणि चकार शब्द न काढता दारापुढचं झाडते. स्थळ नको असेल तर दार बंदच राहतं. ऐकून घ्यायची तयारी असेल तर आतली बाई येते आणि झाडू काढून घेते. आता असं कोण करतं? आता आधी फोन येतो, मग फोटो येतो, मग माणसं येतात. पण आमच्या मर्गिलान गावात जुन्या चालीची घरं अजून आहेत आणि किमसान आकांचं घर त्यातलं. त्यांची ओयदिन लग्नाची आहे. मस्तुराचा मुलगा जसूरही लग्नाचा आहे. आणि आम्ही दोघी जावा पहाटेची नमाज आटोपून, धुतलेले रुमाल बांधून, तोंड मिटून त्यांच्या दारात झाडत होतो. तोंड मिटून, कारण माश्या होत्या.

खरी गोष्ट एवढीच होती, की संध्याकाळी मस्तुराला त्या दारापुढे मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या आजी रिसोलत बुवींच्या कुटुंबाचा फोटो काढायचा होता, आणि फोटोत पायाखाली चिरडलेल्या तुती तिला नको होत्या.

माझी ही जाऊ फोटोवाली. बाजाराच्या तोंडाशी माझ्या थोरल्या दिरांचा स्टुडिओ होता. आत रंगवलेला पडदा: धबधबा, राजहंसांची जोडी, आणि कुठल्या मुलखात उगवतात कोण जाणे अशी झाडं. अर्धं गाव त्या राजहंसांपुढे उभं राहिलेलं आहे. दीर अल्लाहघरी गेले तेव्हा जसूर शाळेत होता. नवऱ्यामागचे इद्दतचे दिवस संपल्यावर मस्तुराने स्टुडिओचं कुलूप उघडलं, धूळ झटकली आणि कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहिली. कुणाला विचारलं नाही. पुढे घरोघरी कॅमेऱ्याचे फोन आले. राजहंसांकडे कुणी फिरकेना. एक दिवस तिने पडदा गुंडाळून माळ्यावर टाकला आणि म्हणाली, "लोक माझ्याकडे येत नाहीत ना, मग मी त्यांना त्यांच्याच गल्लीत उभं करते."

तेव्हापासून तिच्या पायाला भिंगरी. पीठ मळता मळता उठेल, कोपरापर्यंत हात बरबटलेले, आणि म्हणेल, "आत्ता गिरणीच्या भिंतीवर ऊन आलं असेल, बघून येते." पीठ मी मळायचं. लोणच्याची बरणी उघडी टाकून पाटाच्या पुलावर जाईल. लग्नाच्या जेवणात सगळ्या बायका नवरीचा झगा बघतात, ही नवरीमागची भिंत बघते. घरी आल्यावर मी विचारलं, सून कशी आहे, तर म्हणाली, "सून ठीक आहे गं, पण त्यांच्या अंगणात द्राक्षवेलाखाली काय उजेड पडतो!"

बरं, जागा दिसली म्हणून मिळाली असं नाही. अक्रोडाखाली सावली मऊ पडते, पण अक्रोडाची सावली जड. लेकुरवाळी बाई तिथे पाऊल टाकणार नाही. उंबरठ्यावर कुणी उभं राहत नाही. चहाखान्यासमोर पुरुष पाय पसरून बसलेले. कबरस्तानाची भिंत सगळ्या मोहल्ल्यात देखणी, पण तिच्यापुढे हसून उभं कोण राहील? आणि उजेड सगळ्यांत सुंदर होतो तो सूर्य बुडायच्या जरा आधी. नेमक्या त्याच वेळी आया पोरांना दंडाला धरून आत ओढतात, कारण शामच्या वेळी लहान मुलं आणि नव्या सुना झाडाखाली, पाण्याकाठी थांबत नसतात. म्हणजे मस्तुराचं सगळं काम दुपार कलतानाची असरची नमाज आणि शामची बांग यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत. त्यातच धावपळ, त्यातच कुणाचं पोर रडणार, त्यातच कुणाचे आजोबा टोपी विसरून आलेले.

किमसान आकांचं दार तिला याच वसंतात सापडलं. दरवाजा तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण बाजूची मातीची भिंत त्यांनी नव्याने गवताचा चुरा घालून लिंपली आणि ती भाजलेल्या नानसारखी दिसायला लागली. वर तुतीची फांदी. असर झाली की ऊन त्या पानांतून गाळून खाली येतं. मस्तुरा दोनतीनदा मला ओढत तिथे घेऊन गेली होती. तिने रिसोलत बुवींनाही ती जागा दाखवली होती. फक्त मावजुदाला विचारायचं राहिलं होतं. तिची पद्धतच तशी: आधी झाडायचं, मग दार वाजवायचं. आजवर कुणी हरकत घेतली नव्हती. पण आजवर तिने झाडलं ते पूल, भिंती आणि म्हाताऱ्यांची दारं. लग्नाच्या मुलीच्या दारात आजच पहिल्यांदा झाडलं.

"परत जाते आणि सांगते," रस्त्यातच ती म्हणाली आणि वळली. चार पावलं गेली आणि थांबली. "काय सांगू? तुझ्या मुलीसाठी नाही, तुझ्या भिंतीसाठी आले होते?"

मी काय बोलणार? ओयदिनचं आम्हाला सगळं ठाऊक होतं. पोरगी दवाखान्यात नर्स आहे, हसरी आहे, मोहल्ल्यातली निम्मी इंजेक्शनं तिच्या हातची. एकदा तिचं ठरलं होतं. लग्न पक्कं झालं म्हणून दोन्ही घरांनी मिळून रीतीचा नानसुद्धा मोडला होता, आणि मग मुलाकडचे फिरले. त्यानंतर आणखी एक मंडळी आली, चहा प्याली, मुलीला पाहून गेली, ती गेलीच. आता हे तिसरं. बायका काय म्हणणार ते आम्हाला आत्ताच ऐकू येत होतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे समोर तिरक्या कोपऱ्यावर हैरिनिसाचा तंदूर. सगळी गल्ली तिच्याकडून नान नेते आणि नानबरोबर बातमी. मी तिकडे पाहिलं तर हैरिनिसा भट्टीत डोकं घालायच्या ऐवजी मान लांब करून आमच्याकडे बघत होती. तिने हात हलवून दुवा दिली.

"संपलं," मस्तुरा म्हणाली.

घरी चहा ओतेपर्यंत माझ्या नवऱ्याच्या, शरीफच्या कानावर गेलं होतं. मशिदीतून येताना कुणीतरी त्यांना मिठी मारली होती म्हणे. "वहिनी, मुबारक! पुतण्याचं लग्न ठरवलंत आणि चुलत्याला मशिदीच्या पायरीवर कळतं?"

"शरीफ, गप चहा पी."

"पितो की. पण एवढं सांगा, नवऱ्या मुलाला तरी कळवलंय का?"

मस्तुराने पियाला खाली ठेवला आणि फोन उचलला. जसूर दूर परदेशात, समाराला बस चालवतो. गेल्या वेळी आला होता तेव्हा त्याने आईकडून वचन घेतलं होतं, की मी सांगेपर्यंत कुणाच्याही दारात जायचं नाही. आणि तिने नानवर हात ठेवून हो म्हटलं होतं. तिने फोन लावला तर तो कुठल्याशा थांब्यावर होता, मागे घंट्या वाजत होत्या.

"काय आई, सकाळी सकाळी?"

"काही नाही रे. सहज." मग तिला राहवलं नाही. "किमसान आकांची ओयदिन आठवते ना तुला?"

"ओयदिन आपा? आठवते की! लहानपणी रस्ता ओलांडताना माझा हात धरायची. बरी आहे ना? आजारीबिजारी नाही ना?"

"नाही, नाही. बरी आहे. तू जेवत जा वेळेवर."

फोन ठेवला आणि तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. ज्या मुलीला तो मोठी बहीण म्हणतो, जिचा हात धरून रस्ता ओलांडला, तिच्याबद्दल त्याला आणखी काय विचारायचं? जे एक दार किलकिलं वाटत होतं, तेही लागलं.

शरीफनी मग स्वतःच उठून तिच्या पियाल्यात गरम चहा ओतला.

त्यानंतर दिवसभर तिला एका जागी बसवेना. आता रिसोलत बुवींसाठी दुसरी जागा शोधायलाच हवी होती. निळ्या दारापुढे नटूनथटून एवढं मोठं खटलं उभं केलं तर मावजुदाला वाटायचं, मागणीची मंडळी आली. मी भांडी तशीच टाकून तिच्याबरोबर निघाले. एकटीला सोडायचा धीर झाला नाही.

पाटाच्या पुलावर गेलो. "इथे नको. बुवींचा तोल जातो." चिनाराखाली गेलो. "खोड एवढं मोठं, माणसं मुंग्यांसारखी दिसतील." शाळेच्या कुंपणाशी गेलो, तिथे कुणीतरी लाल रंगात गणिताचं सूत्र लिहून ठेवलेलं. प्रत्येक ठिकाणी ती मला उभी करायची, मागे मागे जायची, डोळे बारीक करायची, आणि मध्येच विसरायची की आपण काय बघतोय.

"आपा, मी इथे उन्हात वाळत घातलीय का?"

"हफिजा, आत्ता जाऊन सांगितलं तर?"

"चला, आत्ता जाऊ."

"नको, आत्ता किमसान घरी असेल."

"मग तो गेल्यावर."

"गेल्यावर ती एकटी असेल. एकटीला कसं सांगू?"

रेशमाच्या जुन्या गिरणीची विटांची भिंत राहिली होती. तिकडे जाताना समोरून किमसान आका आले. एका हातात मांसाची पिशवी, दुसऱ्यात चेरीची टोपली. अबोल माणूस. इतक्या वर्षांत रस्त्यात आमच्याकडे मान हलवण्यापलीकडे त्यांनी काही केलेलं नाही. आज ते थांबले. दोन्ही हात अडकलेले, छातीवर हात ठेवता येईना, म्हणून टोपलीच छातीशी नेली आणि किंचित वाकले.

"संध्याकाळी वाट बघतो, आपा. घर तुमचंच आहे."

मस्तुराचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगते. पण तोंडातून आलं ते, "अल्लाह बरकत देवो." ते गेले. ती भिंतीला टेकली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"पळत जा गं त्यांच्या मागे, सांग, मांस परत करा."

"मी सांगू?"

"नको, नको. तू नको."

शेवटी गिरणीची भिंत ठरली. उजेड चांगला होता, पण भिंत अशी, की कुठल्याही गावात असेल. तेच सांगायला आम्ही रिसोलत बुवींकडे गेलो. बुवी ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या आणि नातसून त्यांच्या केसांना तेल लावत होती. अंगणात इस्त्री चालू, अत्लसचे रेशमी झगे दोरीवर, आणि सगळ्यांच्या तोंडी निळं दार.

"जागा बदलली, बुवी," मस्तुरा म्हणाली. "गिरणीच्या भिंतीपुढे उभं राहायचं."

"का?"

"तिथे उजेड बरा नाही आज."

"प्रकाश काय किमसानच्या घरातून भांडून निघून गेला?" बुवींनी नातसुनेचा हात बाजूला केला. "मी गिरणीत अर्धं आयुष्य उभी राहिले आहे. तिच्या भिंतीपुढे आता मरायच्या आधी आणखी उभी राहू? तू मला निळं दार दाखवलंस. मला निळं दार पाहिजे."

"बुवी, ऐका ना…"

"तुला कारण सांगता येत नाही, म्हणजे कारण नाही. जा, कॅमेरा पूस."

कारण सांगता येत नव्हतं हेच खरं. ते बुवींच्या अंगणात सांगितलं असतं तर इस्त्री थंड व्हायच्या आत सगळ्या गावात गेलं असतं, आणि मावजुदाला ते सगळ्यांत शेवटी कळलं असतं. "सरळ गिरणीपाशी या," असं पुन्हा पुन्हा बजावून आम्ही निघालो. बुवी 'हो' म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसांचं 'हो' कसं असतं ते मला तेव्हाच ओळखायला हवं होतं.

असरच्या नमाजेत माझं मन लागलं नाही, अल्लाह माफ करो. सजद्यात जाते तर ओयदिनचा चेहरा, उठते तर मांसाची पिशवी. सलाम फेरला न फेरला तोच मस्तुरा दारात. खांद्यावर कॅमेरा, काखेत त्याची तिपाई. "ठरवलं. आधी मावजुदाकडे. उंबरठ्याबाहेरूनच सांगते, मग गिरणीकडे."

आम्ही गल्लीच्या वळणावर आलो आणि दोघीही जागच्या जागी थबकलो. पलीकडच्या टोकाने रिसोलत बुवींचं सगळं खटलं येत होतं. पुढे बुवी, पांढरा शुभ्र रुमाल. मागे लेक, सुना, जावई, कडेवर बाळं, सगळ्यांचे झगे उन्हात लखलखत. आणि थोरल्या सुनेच्या हातात रुमालाने झाकलेलं ताट. ज्यांच्या दारापुढे उभं राहायचं त्यांच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून बुवींनी हलवा घेतला होता. मागणीची मंडळी याहून वेगळी काही दिसत नाही.

निळ्या दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली. मावजुदा बाहेर आली. अंगावर ठेवणीतला झगा, कानात मोती. मागे अंगणात खाण्याच्या ताटांनी भरलेलं दस्तरखान मांडलेलं दिसत होतं, आणि तंदुरातल्या मांस भरलेल्या सम्सांचा वास थेट आमच्यापर्यंत आला. हैरिनिसा आपली भट्टी सोडून कोपऱ्यावर उभी होती. तिच्यामागे आणखी चार जणी.

"या, बुवी, या," मावजुदा म्हणाली. "तुम्हीच पुढाकार घेतलात! आमचं भाग्य."

बुवींनी मस्तुराकडे पाहिलं. म्हातारी बाई; एका नजरेत तिला सगळं कळलं असावं, कारण तिने आपली काठी आडवी धरून मागच्यांना थांबवलं.

मस्तुराने तिपाई भिंतीला लावली आणि मधे जाऊन उभी राहिली. हळू बोलली असती तर गल्लीला वाटायचं तेच वाटत राहिलं असतं, आणि मोठ्याने बोलणं म्हणजे मावजुदाच्या तोंडावर मारणं. ती मोठ्याने बोलली.

"मावजुदा, चूक माझी आहे. सकाळी मी फोटोसाठी झाडत होते. यांचा फोटो तुझ्या दारापुढे काढायचा होता. तुला आधी विचारायला हवं होतं. झाडू घेतलास तेव्हाच सांगायला हवं होतं, माझी जीभ उचलली नाही. तुझ्या घरात काही खोट नाही, तुझ्या मुलीत काही खोट नाही. मूर्ख मी आहे."

मावजुदा थोडा वेळ हसरीच राहिली. चेहऱ्यावरचं हसू उतरवायला तिला वेळ लागला.

"फोटोसाठी," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे माझ्या दारात वाकलीस, झाडलंस, आणि चुकूनसुद्धा माझी मुलगी तुझ्या मनात आली नाही?"

खरंच आली नव्हती. आम्ही भिंत पाहिली होती.

आतून ओयदिन आली. हाताला पीठ, अंगावर घरातलाच झगा. आईने नटवायचा प्रयत्न केला असेल तर तिने तो होऊ दिला नव्हता. "मी सकाळपासून सांगतेय हिला," ती म्हणाली, "मस्तुरा आपा सगळ्या मोहल्ल्यात झाडत फिरतात. मागच्या महिन्यात पाटाचा पूल झाडला, तेव्हा काय पुलाला मागणी घातली होती? तर म्हणते, आज तरी तोंड बंद ठेव."

बुवींच्या सुना फिसकन हसल्या. हैरिनिसासुद्धा हसली. ओयदिन स्वतः हसत होती. पण तिने आईच्या दंडाला धरलं होतं, आणि तिची बोटं कशी रुतली होती ते मी पाहिलं.

"फोटो इथे काढायचा नाही," मावजुदा म्हणाली. मोठ्याने नाही. मग बुवींकडे वळून, "तुमच्यावर राग नाही, बुवी," एवढं म्हणाली आणि लेकीला घेऊन आत गेली. किमसान आकांनी हळूहळू एकेक कवाड लावलं. सकाळचा झाडू त्यांनी भिंतीला टेकवून बाहेर ठेवला, आमच्याकडे न बघता.

बुवी म्हणाल्या, "चला. गिरणीच नशिबात आहे."

गिरणीपाशी पोहोचेपर्यंत ऊन भिंतीच्या वरच्या विटांवर गेलं होतं. मस्तुरा घाईघाईने माणसं लावायला लागली, "जावई मागे, बाळं पुढे, बुवी, हनुवटी वर," पण मध्येच निळ्या दाराच्या दिशेला बघत होती. पहिल्या फोटोत कुणी डोळे मिटले, दुसऱ्यात बाळ रडलं. एवढ्यात शामची बांग झाली आणि सुनांनी पोरं उचलली. आता कुणी थांबणार नव्हतं. एकच फोटो धड आला, त्यातही बुवी कॅमेऱ्याकडे बघत नाहीत.

"राहू दे असाच," बुवी म्हणाल्या. "पण तू आता घरी जाऊ नकोस. तिकडे जा."

बुवींच्याच घरी नमाज पढून आम्ही दोघी निळ्या दाराकडे गेलो. मी म्हटलं, मी बाहेर थांबते. तिने माझं मनगट सोडलं नाही. दार ओयदिननेच उघडलं. अंगणात दस्तरखान तसंच मांडलेलं होतं. चेरी, सम्से, साखर लावलेले बदाम, कशाला हात लागलेला नव्हता. मावजुदा ओट्यावर बसली होती. मोती काढून समोर ठेवलेले. किमसान आका द्राक्षवेलाखाली पाठमोरे उभे राहून उगाच फांद्या बांधत होते.

"बसा," मावजुदा म्हणाली. बसलो. तिने चहा ओतला, रीतीप्रमाणे पियाला अर्धाच भरून, छातीवर हात ठेवून दिला. राग असला तरी रीत सुटत नाही.

"मी हैरिनिसाला खडसावून सांगते," मस्तुरा म्हणाली. "सगळ्यांना सांगते."

"तू आज सांगितलंस की. सगळ्या गल्लीसमोर. त्यांनी काय ऐकलं असेल माहीत आहे? आले, मुलीला पाहिलं, आणि फोटोचं निमित्त काढून परत गेले. आता हेच म्हणतील. तिसऱ्यांदा." तिने दस्तरखानाची एक सुरकुती सरळ केली. "तू फोटोवाली आहेस, आपा. माणसांना कुठे उभं करायचं ते तुला कळतं. माझ्या मुलीला कुठे उभं केलंस ते बघ एकदा."

मस्तुरा रडली नाही. रडली असती तर मावजुदाला तिची समजूत घालावी लागली असती, आणि तेवढं तरी तिने मावजुदावर लादलं नाही. तिने पियाला तसाच हातात धरून ठेवला.

"जसूरचं मनात असेल तर…" किमसान आका पाठमोरेच बोलले आणि थांबले.

मस्तुरा काही बोलायच्या आत ओयदिन म्हणाली, "बाबा, जसूर मला आपा म्हणतो. त्याला मी नाक पुसायला शिकवलंय. मला कुणी विचारलं असतं तर मीच नाही म्हणाले असते. पण विचारतंय कोण!" आणि मग वेगळ्याच आवाजात, बापाच्या पाठीकडे बघत, "मला लग्नाचं वाईट वाटत नाही. मला उद्या सकाळी तंदुरावर नान आणायला जायचं वाईट वाटतं. त्या सगळ्या एकदम गप्प होतात ना, त्याचं."

वेलावर चिमण्यांचा कालवा चालला होता.

"उद्या तू जाऊ नकोस," मस्तुरा म्हणाली.

"आणि परवा?"

"परवा जा. उद्या मी जाते. तुमचे नान मी आणते." ती मावजुदाकडे वळली. "आज मी सांगितलं ते माझी मान सोडवायला. घाईत. माझ्यापुढे बुवींची माणसं होती, उजेड जात होता. उद्या कॅमेरा नसेल. सगळ्या जणी रांगेत असतील तेव्हा सांगेन, की मी तुझ्याकडे मागणी घालायला आले नव्हते, कारण माझ्या मुलाने माझ्याकडून वचन घेतलंय. आणि आले असते तरी तुझ्या मुलीने नाही म्हटलं असतं. तिनेच आत्ता माझ्या तोंडावर म्हटलं. नाकारलं गेलं असेल तर माझं घर नाकारलं गेलं. हे मी सांगेन."

"हैरिनिसा विश्वास ठेवेल?" मावजुदाने विचारलं.

"आपल्या मुलाला मुलीने नाकारलं, असं खोटं कुठली आई सांगेल?"

मावजुदाने समोरचे मोती उचलून मुठीत घेतले. माफ केलं म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. तिने सम्सांचं ताट आमच्याकडे सरकवलं आणि आपण मात्र खाल्लं नाही. मस्तुराने एक उचलला, तोंडापर्यंत नेला आणि परत ठेवला.

घरी आल्यापासून ती अंगणात येरझाऱ्या घालते आहे. एकदा थांबली आणि मला म्हणाली, "ती रांगेत कुठे उभी राहते गं, ओयदिन? तंदुराच्या डाव्या अंगाला, की भिंतीशी?" मला आठवेना. तिलाही आठवेना. ज्या बाईला मोहल्ल्यातली भिंत न् भिंत पाठ आहे, तिला.

उद्या सकाळी पहिले नान निघायच्या आत मस्तुराला हैरिनिसाच्या तंदुरावर जायचं आहे, आमच्या घरचे आणि मावजुदाच्या घरचे नान आणायला.